सुताची पेढी

विणकराचा माग त्याच्या घरांत असतो. फणी, धोटा, रहाट, खळीचें भांडें हीं सारीं त्याच्या मालकीचीं. मागावर चालणारे हात त्याचे, कांड्या भरणारे हात त्याच्या बायकामुलांचे. एवढें पाहिलें म्हणजे हा कारागीर स्वतंत्र आहे, असें कोणासहि वाटावें. परंतु मागावर चढणारें सूत कोठून येतें, हा एक प्रश्न विचारला कीं चित्र पालटतें. तें सूत बाजारांतील पेढीवरून येई, बहुधा उधारीनें येई, आणि त्याचें लुगडें होऊन पुष्कळदां त्याच पेढीवर परत जाई. हातमागाचा इतिहास सांगतांना एका बाजूस मँचेस्टरच्या गिरण्या आणि दुसऱ्या बाजूस गरीब विणकर, असा सामना रंगविण्याची वहिवाट आहे. या दोघांच्या मध्यें उभी असलेली सुताची पेढी त्यांत सहसा दिसत नाहीं. विणकराचें भवितव्य मात्र अनेकदां या पेढीच्या उंबऱ्यावरच ठरलें.

ही पेढी ज्या स्वरूपांत महाराष्ट्रास ठाऊक झाली, तें स्वरूप फार जुनें नाहीं. गिरणीचें सूत येण्यापूर्वीं विणकर आठवड्याच्या बाजारीं जाई. चरख्यावर कातणाऱ्या बायका आपापलें सूत घेऊन तेथें येत. कोणाचें जाडें, कोणाचें बारीक; तें बोटांत धरून पारखावें, घासाघीस करावी आणि गरजेपुरतें घ्यावें, असा व्यवहार असे. व्यापाऱ्याकडून आगाऊ रक्कम घेऊन कापड विणण्याची चाल तेव्हांहि होती. नाहीं असें नाहीं. पण कातणारे हात गांवोगांव विखुरलेले असल्यामुळें सूत हा माल सहजासहजीं एकाच्या मुठींत जात नसे.

१८१३ सालीं हिंदुस्थानच्या व्यापारावरील ईस्ट इंडिया कंपनीचा मक्ता मोडला, आणि १८२० नंतरच्या दशकांत यंत्रावर कातलेलें इंग्रजी सूत इकडे येऊं लागलें. १८५३ सालीं मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली. १८६० सालीं रूळ सोलापुरास पोंचले. इकडे कावसजी नानाभाई दावर यांनीं १८५४ सालीं मुंबईस कापड-गिरणीची कंपनी स्थापिली, आणि दोन वर्षांनीं तिचीं यंत्रें चालूं झालीं. मोरारजी गोकुळदास यांच्या पुढाकारानें १८७७ सालीं सोलापुरांतच गिरणी उभी राहिली. गिरणीचें सूत एकसारखें, मजबूत आणि स्वस्त. चरख्याचें सूत त्याच्यापुढें टिकलें नाहीं, आणि कातणारणीचा धंदा बसला. विणकर मात्र बसला नाहीं. उलट स्वस्त सुतामुळें त्याचें लुगडें गिरणीच्या कापडाशीं बराच काळ झुंजत राहिलें. तेलंगणांतून आलेले पद्मशाली सोलापुरास आणि उत्तरेकडून आलेले मोमीन मालेगांवास याच काळांत मोठ्या संख्येनें वसले. पण सूत घ्यावयाचें तर आतां बाजारांतील कातणारणीकडे जातां येत नव्हतें. गिरणीशीं अथवा आडत्याशीं ज्याचें खातें, त्या पेढीवाल्याकडेच जावें लागे.

पेढीची भाषा आंकड्यांची असे. ८४० वारांची एक लडी. एका पौंडांत अशा जितक्या लड्या बसतील, तितका त्या सुताचा नंबर. म्हणजे २० नंबरी सुताच्या एका पौंडांत १६,८०० वार, सुमारें साडेनऊ मैल लांबीचा धागा. दहा पौंडांच्या गठ्ठ्यांत अशा २०० लड्या. नंबर जितका मोठा, तितकें सूत बारीक आणि भाव चढा. जाडें सूत मुंबई-सोलापूरच्या गिरण्यांचें, तर अति बारीक सूत बराच काळ विलायतेचेंच असे. रंगाचीहि तीच गति झाली. पूर्वीं खानदेश-वऱ्हाडांत आलाच्या मुळ्यांपासून तांबडा रंग काढीत. १८६८ सालीं ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन शास्त्रज्ञांनीं अलिझरीन कृत्रिम रीतीनें तयार केलें. १८९७ सालीं कृत्रिम नीळहि बाजारांत आली. आलाचीं शेतें गेलीं, नीळ गेली, आणि रंगविलेल्या सुताच्या लड्या दुकानाच्या फळीवर येऊन बसल्या.

गठ्ठा घरीं आला म्हणजे लड्या सोडणें, रहाटावर कांड्या भरणें, ताणा काढणें, त्यास खळ लावून पांजणी करणें, हीं कामें सुरू होत. त्यांतलीं बहुतेक कामें स्त्रिया आणि मुलें करीत. लुगड्याच्या किंमतींत त्यांचे श्रम असत. हिशेबाच्या वहींत त्यांचें नांव नसे.

आणि ती वहीच या कथेचें मर्म होय. लुगडें विणण्यास दिवस लागत, तें विकलें जाण्यास आणखी दिवस लागत. चूल मात्र रोज पेटवावी लागे. लग्नसराईंत आणि सणासुदीस मागणी, पावसाळ्यांत मंदी. अशा मंदींत पेढीवाला सूत उधार देई, प्रसंगीं दाण्यांसाठीं आणि लग्नकार्यासाठीं रोख रक्कमहि देई. बाकी वाढली म्हणजे विणलेला माल दुसरीकडे विकावयाचा नाहीं, हें न लिहितांच ठरून जाई. मग सुताचा भाव पेढीवाला सांगे आणि लुगड्याचा भावहि तोच सांगे. पुढें तर सूत विकणेंहि थांबे. पेढीनें सूत तोलून द्यावें, कापड तोलून घ्यावें आणि मधल्या श्रमांची मजुरी द्यावी. माग घरांतच राहिला, पण घराचा मालक मजूर झाला.

येथें पेढीवाल्यास केवळ खलपुरुष ठरविणें सोपें आहे, पण तें न्यायाचें नाहीं. कोणत्या गांवीं कोणता कांठ चालतो, कोणत्या जातीच्या स्त्रियांस कोणता रंग हवा, हें ज्ञान त्याच्यापाशीं असे. माल पडून राहिला तर नुकसान त्याचें होई. विणकरास वेळेवर पैसा देणारी दुसरी कोणतीहि संस्था त्या काळीं नव्हती. दोष एकट्या माणसाचा नव्हता. सूत, पत आणि बाजार या तिन्ही गोष्टी एकाच दारांत मिळत होत्या, हा खरा दोष होता.

दुष्काळांत ही व्यवस्था उघडी पडे. १८७६-७७ आणि १८९६-९७ या सालांत दाणे महाग झाले, आणि नवें वस्त्र घेण्याचें शेतकऱ्यानें सोडून दिलें. पेढीवर माल पडून राहिला तशी उधारी आटली. सूत दुकानांत होतें, माग घरांत होता, तरी विणकर उपाशी. खडी फोडण्याच्या सरकारी कामावर जावें, तर हात राठ होऊन पुढें बारीक सूत हाताळतां येणार नाहीं, ही भीति. म्हणून विणकरास त्याच्याच धंद्यांत काम द्यावें, सूत पुरवून कापड घ्यावें, असा विचार दुष्काळनिवारणांत पुढें आला.

सरकारी करांचाहि भार याच वाटेनें विणकरापर्यंत पोंचला. १८९४ सालीं देशी गिरण्यांच्या २० नंबरावरील सुतावर शेंकडा ५ जकात बसली. १८९६ सालीं सूत मोकळें झालें आणि गिरणीच्या कापडावर शेंकडा ३॥ कर आला. या फेरफारानें हातमागास कांहींसा श्वास मिळाला. पण १९२२ सालीं परदेशी सुतावर शेंकडा ५ जकात बसली, आणि १९२७ सालीं जपानी सुतास आळा घालण्यासाठीं ती पौंडास निदान दीड आणा करण्यांत आली. संरक्षण देशी गिरणीस मिळालें. महाग सुताचा भुर्दंड बारीक माल विणणाऱ्या कोष्ट्यास आणि साळ्यास बसला. शिवाय चीनचा बाजार जपाननें घेतल्यावर मुंबईच्या गिरण्यांनीं आपलें सूत आपल्याच मागांवर अधिकाधिक विणण्यास आरंभ केला. जी गिरणी विणकरास सूत देई, तीच त्याची प्रतिस्पर्धी झाली.

यांतून सुटण्याच्या दोन वाटा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत शोधल्या गेल्या. पहिली सहकाराची. १९०४ च्या कायद्यानें पतपेढ्या निघाल्या. १९१२ च्या कायद्यानें खरेदी-विक्रीच्या सहकारी संस्थांसहि मान्यता मिळाली. मुंबई इलाख्यांत विणकरांच्या सोसायट्या निघून त्या घाऊक भावानें सूत आणूं लागल्या. १९३४ पासून मध्यवर्ती सरकारचें अनुदानहि मिळूं लागलें. पुष्कळ सोसायट्या तरीहि अडखळल्या, त्याचें कारण वहींतच होतें. ज्या सोसायटीनें फक्त सूत दिलें, ती पेढीची एकतृतीयांश जागाच भरून काढीत होती. मंदींत उसने पैसे कोण देणार आणि तयार लुगडीं कोण घेणार, या प्रश्नांपाशीं सभासद पुन्हां जुन्याच उंबऱ्यावर जाई.

दुसरी वाट चरख्याची. डिसेंबर १९२४ मध्यें बेळगांवच्या अधिवेशनांत काँग्रेसच्या सभासदत्वासाठीं दरमहा २,००० वार सुताची अट आली. वर्षाच्या आंतच ती सैल करावी लागली. सप्टेंबर १९२५ मध्यें अखिल भारतीय चरखा संघ स्थापन झाला. गिरणीच्या सुतावर जगणारा हातमाग गिरणीच्या मर्जीवरच जगेल, ही गांधीजींची चिकित्सा अचूक होती. पण हातसूत मागावर वारंवार तुटे, ताणा रेंगाळे आणि दिवसाचें काम घटे. म्हणून बहुसंख्य विणकरांनीं गिरणीचें सूत सोडलें नाहीं.

महायुद्धाच्या काळांत उरलासुरला पडदाहि दूर झाला. १९४३ सालीं कापड आणि सूत नियंत्रणाचा हुकूम निघाला. सूत परवान्यावर आलें आणि काळ्या बाजारांतहि गेलें. हातांत कसब आणि दारांत मागणी असूनहि सुताअभावीं माग थांबूं शकतो, हें तेव्हां सर्वांस दिसलें. स्वातंत्र्यानंतर या अनुभवाची आठवण धोरणांत उतरली. हातमागास लागणारें लडीचें सूत गिरण्यांनीं ठराविक प्रमाणांत बांधलेंच पाहिजे, असें बंधन १९७४ पासून आलें; सूत पुरविण्यासाठीं १९८३ सालीं राष्ट्रीय हातमाग विकास महामंडळ निघालें. इचलकरंजीसारख्या गांवीं विणकरांनीं सहकारी सूतगिरणीहि काढली.

त्याच इचलकरंजींत १९०४ सालीं विठ्ठलराव दातार यांनीं पहिला यंत्रमाग आणला होता. पुढें सोलापूर, मालेगांव, भिवंडी येथें हातमागाची जागा यंत्रमागानें घेतली. लडीच्या जागीं कोन आला, रहाटाच्या जागीं वीज आली. तरी आजहि अनेक लहान यंत्रमागधारक व्यापाऱ्याचें सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देतात. म्हणून विणकराची स्थिति जाणावयाची असेल तर त्याच्याकडे माग किती आहेत, हें आधीं विचारूं नये. सूत कोणाचें, तें कोणत्या अटीवर आलें आणि तयार कापडाचा भाव कोण ठरवितो, हें आधीं विचारावें.