पगारातून कापलेला पीटी सरकारपर्यंत कसा पोहोचतो?

सॅलरी स्लिपवर 'पीटी २००' अशी एक ओळ असते. बरेच जण ती इन्कम टॅक्स समजतात. पण पीटी म्हणजे प्रोफेशनल टॅक्स, मराठीत व्यवसाय कर. पगारावरचा इन्कम टॅक्स केंद्राकडे जातो, व्यवसाय कर राज्याकडे. तो मालकाने पगारातून कापायचा आणि स्वतः भरायचा असतो.

हा कर आला कुठून?

महाराष्ट्रात याचा कायदा १९७५ साली झाला. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करणं हा त्यामागचा हेतू होता. म्हणजे शहरातल्या पगारदाराच्या पैशातून गावात मजुरीची कामं निघावीत. राज्यघटनेच्या कलम २७६ नुसार एका माणसाकडून हा कर वर्षाला जास्तीत जास्त २,५०० रुपये घेता येतो.

किती कापला पाहिजे?

- पुरुष, महिना पगार ७,५०० पर्यंत: शून्य
- पुरुष, ७,५०१ ते १०,०००: महिना १७५ रुपये
- पुरुष, १०,००० च्या वर: महिना २००, फेब्रुवारीत ३००
- महिला, २५,००० पर्यंत: शून्य (१ एप्रिल २०२३ पासून)
- महिला, २५,००० च्या वर: महिना २००, फेब्रुवारीत ३००

फेब्रुवारीत १०० जास्त का? ११ महिन्यांचे २,२०० आणि हे ३०० मिळून बरोबर २,५०० होतात.

मालक काय करतो?

१. करपात्र पगार असलेला एक जरी कामगार असला तरी मालकाला राज्य जीएसटी विभागाच्या 'महाजीएसटी' पोर्टलवर नोंदणी करावी लागते. तिला पीटीआरसी म्हणतात. (मालकाच्या स्वतःच्या व्यवसाय कराची नोंदणी वेगळी, ती पीटीईसी.)

२. पगार देताना कर कापायचा आणि एमटीआर-६ चलनाने ऑनलाइन भरायचा.

३. मग फॉर्म तीन-ब मध्ये रिटर्न भरायचं. आधीच्या वर्षाचा कर १ लाखापेक्षा कमी असेल तर वर्षातून एकदाच, ३१ मार्चपर्यंत. १ लाख किंवा जास्त असेल तर दर महिन्याला. उशीर झाला तर व्याज आणि लेट फी लागते.

समजा, साक्रीतल्या एका कृषी सेवा केंद्रात सात जण कामाला आहेत. तीन पुरुषांना १२,०००, दोन पुरुषांना ९,००० आणि दोन महिलांना १४,००० पगार आहे. वर्षाचा कर असा: तिघांचे ७,५००, दोघांचे ४,२००, महिलांचा शून्य. एकूण ११,७०० रुपये. त्यामुळे या दुकानाचं रिटर्न वर्षातून एकदाच.

खरी अडचण इथे आहे

इन्कम टॅक्सचा टीडीएस तुमच्या पॅनवर जमा होतो आणि तो पोर्टलवर दिसतो. पीटीचं तसं नाही. रिटर्नमध्ये कोणत्या स्लॅबमध्ये किती कामगार आणि एकूण किती कर, एवढंच जातं. मालकाने पैसे कापून भरलेच नाहीत, तर मोबाइलवर तुम्हाला काहीच कळत नाही.

कायदा मात्र तुमच्या बाजूने आहे. मालकाने कर कापला असो वा नसो, भरण्याची जबाबदारी त्याचीच.

तुम्ही काय तपासाल?

- पीटीची ओळ असलेली सॅलरी स्लिप दर महिन्याला मागा आणि जपून ठेवा. पगार रोख मिळत असेल तर जास्तच. कापल्याचा पुरावा तोच.
- वरच्या यादीशी आकडा जुळवा. १८,००० पगार असलेल्या ताईंचे २०० कापले जात असतील तर ते चूक आहे.
- महाजीएसटीवर 'नो युवर टॅक्सपेयर' मध्ये मालकाची नोंदणी शोधा. पीटीआरसी नंबर २७ ने सुरू होतो, पीटीईसी ९९ ने. पीटीआरसीच नसेल तर कापलेले पैसे जातात कुठे, हे विचारा. उत्तर मिळालं नाही तर राज्य जीएसटी कार्यालयात लेखी तक्रार करता येते. साक्रीकरांना धुळं जवळ.
- जुन्या कर पद्धतीत इन्कम टॅक्स भरताना या रकमेची वजावट मिळते, नव्या पद्धतीत नाही.

कामासाठी सुरतला गेलात तर तिथे गुजरातचा पीटी लागतो. तिकडे १२,००० पर्यंत शून्य आणि त्यावर महिना २००. साक्रीत घर आहे म्हणून महाराष्ट्राचा कापला जाणार नाही. नोकरी जिथे, कर तिथला.