हजार वावांखालची जीवसृष्टी

उमरग्यापासून समुद्र शंभर कोसांहून अधिक दूर. १९४८ पर्यंत हा मुलूख ज्या निजामी राज्यात मोडत होता, त्या राज्याला किनारा असा नव्हताच. इकडच्या जुन्या माणसांच्या वाट्याला समुद्र आला तो मिठाच्या खड्यांतून आणि बाजारात पोत्यावर रचलेल्या सुक्या बोंबलांतून. वासावरून नाके मुरडणारी मंडळी तेव्हाही होती आणि कालवणावर दोन भाकरी जास्त खाणारीही होती. परंतु या गरीब बोंबलाचे एक चुलत भावंड सूर्यप्रकाश पोहोचत नाही अशा पाण्यात राहते, आणि ते जगाला प्रथम ठाऊक झाले ते मुंबईत बांधलेल्या एका जहाजामुळे, ही हकीकत बोंबील खाणाऱ्यांनाही सहसा माहीत नसते. त्या जहाजाची आणि त्याने वर काढलेल्या जिवांचीच ही कथा आहे.

प्रथम मापाचे सांगावयास हवे. आपल्याकडे विहीर परसांत मोजतात. दर्यावर्दी पाणी वावांत मोजतात. दोन्ही हात आडवे पसरले म्हणजे या बोटांपासून त्या बोटांपर्यंत जे अंतर होते तो एक वाव, सुमारे सहा फूट. आठ-दहा परस विहीर खणून काळ्या दगडाखाली पाणी लागले नाही की आपण कपाळाला हात लावतो. समुद्रात हजार वाव पाणी ही काही मोठी नवलाई नव्हे. पण त्यात आपली कळसूबाई, म्हणजे महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर, पायथ्यासह उभी केली तरी तिच्या माथ्यावर आणखी शंभर वाव पाणी उरेल. एवढ्या पाण्याचा भार अंगावर घेऊन, मिट्ट काळोखात आणि हिवाळ्यातल्या पहाटेहून कडक गारठ्यात कोणी जिवंत राहत असेल काय?

राहत नसेल, असे शंभर-पावणेदोनशे वर्षांपूर्वीचे विद्वान म्हणत. एडवर्ड फोर्ब्स नावाच्या निसर्गशास्त्रज्ञाने ग्रीसजवळच्या एजियन समुद्रात जाळी ओढून पाहिली होती. जसजसे खोल जावे तसतसे जीव कमी सापडत, यावरून तीनशे वावांखाली जीवसृष्टी नसावी असा अंदाज त्याने १८४३ मध्ये मांडला. माणूस विचारी होता. आपण पाहिले तेवढ्यावरून त्याने अनुमान केले. पुढे १८६० मध्ये भूमध्य समुद्राच्या तळातून तुटलेली तारायंत्राची तार दुरुस्तीसाठी वर ओढली, तेव्हा हजार वावांहून खोल पडलेल्या भागावर पोवळ्याचे जीव चिकटलेले निघाले. ते तेथेच वाढले होते. शंकेला जागा उरली नाही.

या तारांचा आणि आपल्या मुंबईचा संबंध जवळचा आहे. १८७० मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ या प्रचंड जहाजाने मुंबई ते एडन अशी तार समुद्रतळाशी टाकली, आणि विलायतेची बातमी काही तासांत मुंबईस येऊ लागली. तार टाकायची तर तळ कसा आहे, किती खोल आहे, चिखल आहे की खडक, हे कळणे आले. पैसा आणि राज्यकारभार यांचा तळाशी असा संबंध जडला म्हणूनच सरकारांचे लक्ष खोल पाण्याकडे वळले. नुसत्या माशांसाठी तिजोरी कोण उघडतो!

१८७२ ते १८७६ या काळात इंग्रजांच्या ‘चॅलेंजर’ जहाजाने पृथ्वीप्रदक्षिणा करून सुमारे ४,७०० नव्या जातींचे प्राणी मिळवले. त्या सफरीचा अहवाल पन्नास जाडजूड ग्रंथांचा झाला. पण हे जहाज आफ्रिकेच्या टोकावरून थेट दक्षिणेच्या बर्फाळ पाण्याकडे गेले. आपला अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर त्याच्या वाटेवर आलेच नाहीत. हे पान कोरे राहिले.

ते भरून काढण्याचे काम ‘इन्व्हेस्टिगेटर’ने केले. मुंबईची गोदी म्हणजे वाडिया घराण्याच्या कारागिरीने नावारूपास आलेली. तिथली सागवानी जहाजे साऱ्या जगात टिकाऊ म्हणून नावाजलेली. त्याच गोदीत १८८१ मध्ये हे जहाज पाण्यात उतरले. लाकडी बांधणीचे, दोन्ही अंगांना वल्ह्यांची चाके असलेले, अवघे ५८० टनांचे आगबोटवजा जहाज. नावाचा अर्थ ‘शोध घेणारा’. पण ज्या शोधासाठी ते बांधले तो वेगळाच होता. हिंदुस्थानच्या किनाऱ्याची पाहणी करून नकाशे तयार करणे, खडक आणि उथळ जागा नोंदवणे, बंदरांच्या वाटा मोजणे, हे त्याचे खरे काम. जहाजावर एक डॉक्टर असे. खलाशांना औषधपाणी करावे आणि उरल्या वेळात प्राणी गोळा करावेत, अशी त्याची दुहेरी नेमणूक होती. नकाशाच्या कामात खोळंबा होणार नसेल तेव्हाच जाळे टाकायचे, असा सगळा मामला. आपल्या समुद्रांच्या खोल पाण्यातील प्राण्यांविषयीचे पायाचे ज्ञान असे फावल्या वेळात जमा झाले, हे मला त्या प्राण्यांइतकेच नवलाचे वाटते.

१८८४ पासून जहाजाचा कप्तान होता आल्फ्रेड कार्पेंटर. तो ‘चॅलेंजर’वर काम करून आलेला, त्यामुळे खोल पाण्याची गोडी त्याला आधीच लागलेली. डॉक्टर जाइल्स याने काही वर्षे हे काम सांभाळले. आणि १८८८ मध्ये त्या जागी आला आल्फ्रेड विल्यम अल्कॉक. हा जन्माने मुंबईकर. १८५९ मध्ये एका जहाजाच्या कप्तानाच्या पोटी तो मुंबईत जन्मला. तरुणपणी मलबारकडच्या कॉफीच्या मळ्यांत काही काळ घालवून, मग वैद्यक शिकून सरकारी चाकरीत शिरला. चार वर्षे तो ‘इन्व्हेस्टिगेटर’वर होता, आणि त्या चार वर्षांचे त्याने १९०२ साली लिहिलेले पुस्तक आजही वाचनीय आहे. विनोदाची त्याला चांगली जाण होती. रुक्ष शास्त्रज्ञांत ती अभावानेच आढळते.

जाळे टाकण्याचा प्रकार असा. आधी बारीक पोलादी तारेला वजन बांधून ती सोडायची. वजन तळाला टेकले की तार सैल पडते, त्यावरून खोली कळते. मग लोखंडी चौकटीचे जाळे जाड तारदोराने सोडायचे. दोर पाण्यापेक्षा कितीतरी लांब लागतो, कारण जाळे जहाजामागून तिरके फरफटत यायचे असते. सोडायला काही तास, ओढायला काही तास. मध्येच जाळे खडकात अडकले तर दिवसभराची मेहनत आणि दोर दोन्ही समुद्रार्पण. आणि सर्व सुरळीत पार पडले, तर डेकवर ओतला जाई तो मुख्यतः चिखल! माथ्यावर रखरखीत ऊन, पायांखाली तापलेल्या फळ्या आणि जाळ्यातला चिखल मात्र हात गारठवणारा. त्या चिखलात बोटे घालून एकेक जीव वेचायचा. वरच्या हलक्या दाबात आल्यामुळे कित्येक माशांचे पोट तोंडावाटे बाहेर पडलेले असे. एरवी जिवंतपणी ते कसे दिसत असतील याचा तर्कच करावा लागे.

त्या चिखलातून काय काय निघाले! त्रावणकोरच्या किनाऱ्यासमोर चारशे वावांहून खोल पाण्यात पाकटाच्या जातीचा एक मासा सापडला. विजेचा झटका देणाऱ्या पाकटांच्या कुळातला हा मासा जवळजवळ आंधळा. डोळे उरले होते ते नावापुरते. १८९८ मध्ये अल्कॉकने त्याचे नामकरण केले. जेथे पाहण्याजोगे काही नाही, तेथे डोळ्यांचा भार कशाला वाहायचा?

उलट काही जिवांनी काळोखावर वेगळाच तोडगा काढलेला. हेटेरोकार्पस नावाची एक लाल कोळंबी जाळ्यातून जिवंत निघाली. बादलीत सोडल्यावर तिने आपल्या शरीरातून निळसर प्रकाशाचे लोट पाण्यात सोडले, आणि त्या उजेडात बादलीतल्या इतर वस्तू दिसू लागल्या, असे अल्कॉकने नोंदवून ठेवले आहे. आपण दिवाळीत अंगणात पणत्या लावतो. ही बाई शत्रू अंगावर आला की त्याच्या तोंडावर उजेड फेकून काळोखात पसार होते. माखला शाई सोडतो त्यातलाच प्रकार, फक्त शाई उजेडाची.

मला स्वतःला सर्वांत आवडतो तो गोधडीवाला खेकडा. शंखात राहणारे खेकडे आपण कोकणच्या किनाऱ्यावर पाहतो. त्यांचे मागचे अंग मऊ असते म्हणून ते रिकाम्या शंखाचे घर करतात. खोल पाण्यातल्या या भावाने शंखाचा नाद सोडला. त्याच्या पाठीवर समुद्रफुलाच्या जातीचा एक मांसल जीव पसरून वाढतो आणि हा खेकडा पायांनी धरून ते जिवंत पांघरूण अंगावर ओढून घेतो, अगदी माघातल्या पहाटे आपण गोधडी ओढतो तसे. त्याला अल्कॉकने आपल्यामागून जहाजावर आलेल्या डॉक्टर अँडरसनचे नाव दिले. या कुळाचा नव्याने अभ्यास झाला तो थेट २०१८ मध्ये, आणि तेव्हा त्यात आणखी पाच नव्या जाती निघाल्या.

कुंडीखाली ओलीत सापडणारा, बोट लावताच गोळी होणारा राखी किडा मुलांच्या ओळखीचा असेल. त्याचाच वीतभराहून मोठा सागरी भाऊबंद १८७९ मध्ये मेक्सिकोच्या आखातातून आलेल्या नमुन्यावरून फ्रेंच शास्त्रज्ञ मिल्न-एडवर्ड्स याने प्रसिद्ध केला, तेव्हा सारे थक्क झाले. १८९१ मध्ये कलकत्त्याच्या संग्रहालयाचे वूड-मेसन आणि अल्कॉक यांनी तसाच राक्षसी जीव बंगालच्या उपसागरातून आल्याचे जाहीर केले. आणि बोंबलाचे ते भावंडही त्याच वर्षी अल्कॉकने जगापुढे ठेवले. मोठा जबडा, आत वळलेले दात, पिळपिळीत अंग, सारे घरचेच. फक्त पत्ता खोल पाण्यातला.

हे सारे मद्यार्काच्या बरण्यांत भरून कलकत्त्यास रवाना होई. तेथे या प्राण्यांची चित्रे काढून त्यांची मालिका १८९२ पासून प्रसिद्ध होऊ लागली. एकेका केसाची, काट्याची, सांध्याची अशी काही रेखाटने त्यात आहेत की छायाचित्राने मान खाली घालावी. चित्रांखाली सह्या आहेत ए. सी. चौधरी आणि एस. सी. मंडल यांच्या. ही मंडळी बंगालची. त्यांची नावे निदान चित्राखाली राहिली. माशांना नावे मिळाली ती कप्तानांची, संचालकांची, डॉक्टरांची. रॉयल इंडियन मरीनच्या जहाजांवर रत्नागिरीकडचे खलाशी मोठ्या संख्येने असत. ज्यांच्या तळहातांवरून तो तारदोर सरकला, ज्यांनी उन्हात उभे राहून तो चिखल उपसला, त्यांच्यापैकी कोणाचे नाव एखाद्या साध्या शिंपल्यालाही लागलेले मला आढळले नाही. शास्त्राच्या इतिहासात हे नवे नाही, पण त्यामुळे कमी खटकत नाही.

‘इन्व्हेस्टिगेटर’ म्हातारे झाले. त्याच नावाचे दुसरे जहाज आले. त्यावरचा एक डॉक्टर, सेमूर सूएल, पुढे १९३३-३४ मध्ये ‘मबाहिस’ या इजिप्शियन जहाजावरील मोहिमेचा प्रमुख झाला. या मोहिमेत मौजेची गोष्ट घडली. अरबस्तानच्या किनाऱ्यालगत सुमारे शंभर ते तेराशे मीटर खोलीच्या पट्ट्यात जाळी जवळजवळ रिकामी येऊ लागली. बिचारा फोर्ब्स खरा ठरला की काय? पण कारण खोलीचे नव्हते. अरबी समुद्राच्या त्या मधल्या थरात प्राणवायूच फार थोडा उरतो. वरून मरून पडणारी सूक्ष्म सृष्टी कुजताना तो खाऊन टाकते आणि ताज्या पाण्याची भर अपुरी पडते. त्या थराखाली, आणखी खोलात, पुन्हा जीव नांदतात. म्हणजे घराचा मधला मजला ओसाड आणि तळघरात वस्ती!

स्वातंत्र्यानंतर हे काम आपल्या हाती आले. हिंदी महासागराच्या आंतरराष्ट्रीय पाहणीत १९६२ ते १९६५ या काळात आपल्या नौदलाची ‘किस्ना’ ही नौका फिरली. त्यातूनच १९६६ मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली. तिचे ठाणे गोव्यास दोनापावल येथे आहे. आता सहा हजार मीटर खाली तीन माणसे नेण्यासाठी चेन्नईच्या संस्थेत ‘मत्स्य ६०००’ ही पाणबुडी सिद्ध होत आहे. ज्या तळाचा फक्त चिखल वर येत असे, तो तळ आपली माणसे काचेआडून पाहतील.

मात्र तारायंत्राच्या काळात जे होते तेच आजही आहे: तळाकडे लक्ष वळते ते कामापोटी. मध्य हिंदी महासागराच्या तळाशी बटाट्याएवढे काळे गोटे विखुरले आहेत. त्यांत मँगनीज, निकेल, तांबे, कोबाल्ट असते, आणि त्यांच्या शोधासाठी भारताकडे ७५,००० चौरस किलोमीटरचा पट्टा आहे. या गोट्यांवर आणि भोवतालच्या गाळात काय काय राहते, त्यातल्या फार मोठ्या भागाला अजून नावही नाही.

नाव मिळालेल्यांतही एक असा आहे की तो ऐकूनच घ्यावा. हिंदी महासागराच्या मधोमध पाण्याखालची डोंगररांग आहे. तिच्या भेगांतून उकळते, खनिजांनी काळे झालेले पाणी उसळते. तेथे २००१ मध्ये एक गोगलगाय सापडली. तिच्या पायावर खवल्यांचे चिलखत आहे, आणि त्या खवल्यांवर चढलेला मुलामा लोहाच्या गंधकयुक्त संयुगाचा आहे. अंगावर लोहयुक्त चिलखत चढवणारा असा दुसरा प्राणी माहीत नाही. तिची वस्ती अशा मोजक्याच उष्ण झऱ्यांपाशी, प्रत्येक वस्ती लहानशी. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने तिला संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत घातले, आणि कारण दिले ते खोल समुद्रातील संभाव्य खाणकामाचे. याच डोंगररांगेवरील १०,००० चौरस किलोमीटर क्षेत्रात धातूंचा शोध घेण्याचा पंधरा वर्षांचा करार भारताने २०१६ मध्ये केला आहे. त्याची मुदत २०३१ मध्ये संपते.