एक्सझेड प्रकरण : मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचा भार कोणाच्या खांद्यावर?

नवी दिल्ली : २९ मार्च २०२४ रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, अँड्रेस फ्रॉइंड या सॉफ्टवेअर अभियंत्याने सुरक्षाविषयक एका सार्वजनिक ईमेल यादीवर एक संदेश पाठविला. ‘एक्सझेड युटिल्स’ या सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ या दोन ताज्या आवृत्त्यांमध्ये कोणीतरी जाणूनबुजून चोरदरवाजा बसविला आहे, असे त्यात नमूद केले होते. त्याच दिवशी रेड हॅट कंपनीने आपल्या वापरकर्त्यांना सावध केले आणि अमेरिकेच्या ‘सिसा’ या सायबर सुरक्षा संस्थेने जुन्या, निर्दोष आवृत्तीकडे परतण्याचा सल्ला दिला. सीव्हीई-२०२४-३०९४ या क्रमांकाने नोंदल्या गेलेल्या या प्रकाराला तीव्रतेच्या मोजपट्टीवर दहापैकी दहा गुण देण्यात आले.

एक्सझेड हे सर्वसामान्यांना ठाऊक असण्याचे काहीच कारण नाही. माहितीचा आकार दाबून लहान करणे आणि ती पुन्हा मूळ रूपात उलगडणे, एवढेच त्याचे काम. परंतु लिनक्स या कार्यप्रणालीच्या बहुतेक सर्व प्रकारांमध्ये ते असते, आणि जगभरातील संकेतस्थळे, बँकांच्या यंत्रणा व क्लाउड सेवा ज्या सर्व्हरवर चालतात त्यांपैकी फार मोठा हिस्सा लिनक्सवर आहे. असे हे साधन फिनलंडमधील लासे कॉलिन हा प्रोग्रामर वर्षानुवर्षे जवळपास एकट्याने आणि विनामोबदला सांभाळत होता. संपूर्ण प्रकरणाचे मूळ या एका वाक्यात आहे. तांत्रिक भाग कितीही चक्रावणारा असला तरी हल्लेखोराने प्रथम हेरली ती संगणकातील त्रुटी नव्हे, तर एका माणसाची दमछाक.

२०२१ च्या उत्तरार्धात ‘जिया टॅन’ या नावाने कोणीतरी एक्सझेडसाठी छोट्या छोट्या दुरुस्त्या पाठवू लागले. त्या उपयुक्त होत्या. मुक्तस्रोत जगात काम करणाऱ्याला त्याचा पत्ता, पदवी वा ओळखपत्र कोणी विचारत नाही. कामाची प्रत हीच ओळख, हा तेथील शिरस्ता आहे आणि एरवी तो अभिमानास्पदही आहे. २०२२ च्या वसंतात मात्र प्रकल्पाच्या चर्चेत ‘जिगर कुमार’ आणि ‘डेनिस एन्स’ अशी आणखी काही नावे अवतरली. दुरुस्त्या वेळेवर स्वीकारल्या जात नाहीत, प्रकल्प रखडला आहे, आता देखभालीची सूत्रे दुसऱ्या कोणाकडे द्यावीत, असा त्यांचा घोशा सुरू झाला. यांपैकी एक नाव भारतीय वाटावे असे आहे, पण त्यावरून काहीही सिद्ध होत नाही. या नावांचा इंटरनेटवर अन्यत्र मागमूस आढळलेला नाही आणि ती केवळ दबाव आणण्यासाठी उभी केलेली बनावट खाती असावीत, असे अभ्यासक मानतात.

जून २०२२ मध्ये कॉलिन यांनी दिलेले उत्तर आज वाचतानाही अस्वस्थ करते. आपला प्रकल्पातील रस आटलेला नाही, परंतु दीर्घकाळच्या मानसिक आरोग्याच्या तक्रारींमुळे आणि इतर काही कारणांमुळे पुरेसे लक्ष देता येत नाही, असे त्यांनी मोकळेपणाने लिहिले. हा छंद म्हणून चालविलेला, पैसे न मिळणारा प्रकल्प आहे, याचीही त्यांनी आठवण करून दिली. जिया टॅन यांच्यासोबत आपण काम करीत असून पुढे त्यांच्याकडे मोठी जबाबदारी येऊ शकेल, असेही त्यांनी सुचविले. मदतीची गरज असलेल्या माणसाने मदतीसाठी पुढे आलेला हात धरला, यात चूक काढणे सोपे आहे. त्या वेळी दुसरा हात पुढे आला नव्हता, हे अधिक महत्त्वाचे आहे.

मार्च २०२३ मध्ये जिया टॅन या नावाने एक्सझेडची पहिली आवृत्ती प्रसृत झाली. जुलैमध्ये, मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमधील दोष आपोआप शोधणाऱ्या गुगलच्या ‘ओएसएस-फझ’ या सेवेत एक बदल याच खात्याकडून सुचविण्यात आला आणि तपासणीतील एक विशिष्ट सुविधा बंद झाली. तीच सुविधा पुढे चोरदरवाजासाठी वापरली गेली. २४ फेब्रुवारी २०२४ रोजी ५.६.० आणि ९ मार्च रोजी ५.६.१ ही आवृत्ती आली. सव्वादोन वर्षांहून अधिक काळ चाललेली ही पेरणी पाहता, यामागे एखाद्या देशाचे पाठबळ असावे असा अनेक तज्ज्ञांचा कयास आहे. मात्र त्या नावामागे कोण होते, हे अद्याप सिद्ध झालेले नाही.

माहिती दाबणाऱ्या साधनातून सर्व्हरच्या मुख्य दारापर्यंत वाट कशी निघाली, हे समजून घेण्याजोगे आहे. सर्व्हर सांभाळणारे तंत्रज्ञ दूरवरून त्यात प्रवेश करतात तो ‘एसएसएच’ या मार्गाने, आणि त्यासाठी सर्वत्र ‘ओपनएसएसएच’ हे सॉफ्टवेअर वापरले जाते. ओपनएसएसएचला स्वतःला एक्सझेडची गरज नाही. परंतु डेबियन, फेडोरा यांसारख्या काही वितरकांनी ‘सिस्टिमडी’ या व्यवस्थेशी जुळवून घेण्यासाठी त्यात आपली भर घातली होती. सिस्टिमडीच्या लायब्ररीला एक्सझेडची लायब्ररी लागत असे, म्हणून तीही सोबत आत येई. सोसायटीच्या पहारेकऱ्याने ओळखीच्या माणसाला आत घ्यावे आणि त्याच्यासोबत आलेल्या तिसऱ्याची कोणी चौकशीच करू नये, तसा हा प्रकार होता. आजचे कोणतेही मोठे सॉफ्टवेअर अशा शेकडो ओळखीपाळखींवर उभे असते.

चोरदरवाजा लपविण्याची पद्धतही तितकीच धूर्त होती. कोणत्याही दाबणाऱ्या साधनाच्या प्रकल्पात चाचणीसाठी मुद्दाम बिघडविलेल्या फाइल ठेवाव्या लागतात. त्या माणसाला वाचता येत नाहीत आणि त्यांत गोंधळ दिसला तरी तो अपेक्षितच असतो. घातक भाग अशाच फाइलमध्ये दडविला होता. तो बाहेर काढून जोडणारी किल्ली सर्वांना दिसणाऱ्या मूळ संकेतसंचात नव्हतीच. वितरकांसाठी वेगळे बांधून दिले जाणारे जे गाठोडे असते, केवळ त्यातल्या एका बांधणी-फाइलमध्ये ती होती. शिवाय विशिष्ट प्रोसेसरवरील लिनक्ससाठी, आणि तेही डेबियन वा रेड हॅट पद्धतीचे पॅकेज तयार होत असतानाच, हा भाग जागा होत असे. जागा झाल्यावर तो एसएसएचच्या ओळख-पडताळणीतील एक क्रिया ताब्यात घेई. ज्याच्याकडे हल्लेखोराची गुप्त किल्ली आहे, फक्त त्यालाच त्यातून सर्व्हरवर हवी ती आज्ञा चालविता आली असती. इतर कोणी दार ठोठावले तर दार नेहमीसारखेच वागत असे.

नेहमीसारखे, पण किंचित संथ. मूळचा ‘पोस्टग्रेएसक्यूएल’ या डेटाबेसवर काम करणारा आणि मायक्रोसॉफ्टच्या सेवेत असलेला फ्रॉइंड त्या दिवसांत वेगाच्या सूक्ष्म मोजण्या करीत होता. मोजण्यांत अडथळा नको म्हणून यंत्र शांत करताना एसएसएचच्या प्रक्रिया प्रोसेसरचा अवाजवी वापर करीत असल्याचे त्याच्या ध्यानात आले. सुमारे ०.३ सेकंदात होणाऱ्या लॉगिनला ०.८ सेकंद लागत होते. काही आठवड्यांपूर्वी स्वयंचलित चाचण्यांत दिसलेली एक विचित्र तक्रार त्याला आठवली, आणि धागा एक्सझेडपर्यंत पोहोचला. अर्धा सेकंद ही फरकाची गोष्ट वाटणारा माणूस योग्य जागी होता म्हणून हे उघडकीस आले. तोपर्यंत दूषित आवृत्ती डेबियनच्या चाचणी शाखा, फेडोराच्या येऊ घातलेल्या आवृत्तीची पूर्वचाचणी, ओपनसुसे टम्बलवीड, काली अशा ठिकाणी पोहोचली होती. बँका आणि सरकारी कार्यालये वापरतात त्या स्थिर आवृत्त्यांपर्यंत ती गेली नव्हती. नव्या आवृत्तीचा आपल्या संग्रहात समावेश करावा म्हणून वितरकांच्या मागे लकडा मात्र लावण्यात आला होता. खबरदारी म्हणून उबुंटू २४.०४ ची पूर्वचाचणी आवृत्ती आठवडाभर लांबणीवर टाकावी लागली.

मुक्तस्रोत चळवळीचे पुरस्कर्ते एरिक रेमंड यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस मांडलेला विचार असा की, पाहणारे डोळे पुरेसे असतील तर सॉफ्टवेअरमधील दोष लपून राहत नाहीत. एक्सझेडनंतर दोन्ही बाजूंनी या विचाराचा दाखला दिला गेला. संकेत खुला होता म्हणूनच एका त्रयस्थाला काही दिवसांत मुळापर्यंत जाता आले, हे खरे. बंदिस्त सॉफ्टवेअरमध्ये फ्रॉइंडला फार तर तक्रार नोंदविता आली असती. पण संकेत वाचून कोणालाही चोरदरवाजा सापडला नव्हता. तो घड्याळाने पकडला. डोळे पुष्कळ आहेत हे गृहीत धरून प्रत्येक जण निश्चिंत राहिला आणि प्रत्यक्षात पाहणारा एकच उरला, तोही थकलेला. खुलेपणा म्हणजे तपासणीची मुभा. तपासणी कोणी केलीच आहे, असा त्याचा अर्थ होत नाही.

हा धडा पहिल्यांदाच मिळाला असेही नाही. एप्रिल २०१४ मध्ये ‘ओपनएसएसएल’मधील ‘हार्टब्लीड’ ही त्रुटी उघड झाली, तेव्हा जगातील सुरक्षित संकेतस्थळांचा मोठा भाग ज्या प्रकल्पावर विसंबून होता त्याला वर्षाकाठी जेमतेम दोन हजार डॉलरच्या देणग्या मिळत असल्याचे समोर आले. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी निधी उभारला. डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉगफोरजे’मधील त्रुटीने जगभरच्या तंत्रज्ञांची झोप उडविली, तेव्हा ती दुरुस्त करण्यासाठी रात्री जागविणारे पुन्हा स्वयंसेवकच होते. संकट आले की पैसा येतो. एरवी कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्या कंपन्या या साधनांना नळाच्या पाण्यासारखे वापरतात.

भारतासाठी हा दूरचा प्रश्न नाही. केंद्र सरकारने २०१५ मध्ये शासकीय यंत्रणांत मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देणारे धोरण जाहीर केले आणि आधारसारख्या विशाल व्यवस्थांच्या उभारणीत अशा साधनांचा मोठा वाटा आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘सर्ट-इन’ या राष्ट्रीय सायबर सुरक्षा संस्थेने सॉफ्टवेअरच्या घटकसूचीविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. खाद्यपदार्थाच्या वेष्टनावर घटक छापलेले असतात, तशी एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये कोणकोणते तयार भाग आहेत याची ही यादी. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘सेबी’ने भांडवल बाजारातील संस्थांसाठी आणलेल्या सायबर सुरक्षा चौकटीतही तिचा अंतर्भाव आहे. अशी सूची असेल तर दूषित आवृत्ती आपल्याकडे कोठे आहे, हे तासाभरात कळू शकते, आणि तो लाभ मोठा आहे. परंतु सूचीत घटकाचे नाव असते, तो घटक सांभाळणाऱ्याची अवस्था नसते. मार्च २०२४ मधील सूचीत ‘एक्सझेड ५.६.१’ एवढीच निर्मळ दिसणारी नोंद असती.

त्यामुळे देखभाल करणाऱ्यांना थेट आर्थिक आधार देण्याचा मार्ग काही ठिकाणी चोखाळला जात आहे. जर्मनीने २०२२ मध्ये सरकारी पैशातून असा निधी सुरू केला. भारतात बंगळुरूच्या झिरोधा कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये मुक्तस्रोत प्रकल्पांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंतचा निधी जाहीर केला, जगातील कोणताही प्रकल्प त्यासाठी अर्ज करू शकतो. गरजेच्या मानाने या रकमा अल्प आहेत. शिवाय पैशाने वेळ विकत घेता येतो, विश्वासू उत्तराधिकारी नव्हे. तरीही चार-दोन जणांना पगारी काम म्हणून एखादा प्रकल्प सांभाळता आला, तर कोणा अनोळखी नावाच्या दडपणाखाली किल्ल्या सोपविण्याची वेळ येण्याची शक्यता नक्कीच घटते.

सामान्य वापरकर्त्याच्या मनात एक वेगळीच शंका येऊ शकते. मोबाइल वा संगणक नेहमी अद्ययावत ठेवा, असे सांगितले जाते आणि येथे तर नवी आवृत्तीच विषारी निघाली. मात्र यावरून अद्ययावत करणे थांबविणे घातक ठरेल. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभरातील संगणकांना ओलीस धरले, तेव्हा ती वाट बंद करणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच दिलेली होती, ज्यांनी ती बसविली नाही ते सापडले. एक्सझेडच्या बाबतीत बचावले ते जुन्या त्रुटीयुक्त आवृत्तीवर अडून बसलेले नव्हेत. ज्यांच्या वितरकाने नवे सॉफ्टवेअर काही काळ चाचणी शाखेत मुरविल्यानंतरच पुढे पाठविण्याची शिस्त पाळली, ते बचावले.

प्रकरण उघड झाल्यानंतर गिटहब या संकेतस्थळाने एक्सझेडचे भांडार आणि संबंधित खाती गोठविली. त्यात कॉलिन यांचेही खाते होते; पुढे ते पूर्ववत करण्यात आले. त्यांनी दोन वर्षांतील बदल तपासत घातक फाइल काढून टाकल्या आणि २९ मे २०२४ रोजी चोरदरवाजा नसलेली ५.६.२ ही आवृत्ती प्रसृत केली.