लवचीक पेरोव्हस्काइट एलईडी

पेरोव्हस्काइट स्फटिकरचनेच्या हॅलाइड संयुगाचा नॅनोमीटरमध्ये मोजावा इतका पातळ थर वीज मिळताच उजळतो. हा थर काचेऐवजी प्लास्टिकच्या फिल्मवर बसवला की वाकणारा दिवा तयार होतो आणि त्यातूनच पुढे गुंडाळता येणारा पडदा.

पेरोव्हस्काइट हे मूळ खनिज 1839 मध्ये उरल पर्वतातील नमुन्यांत गुस्ताव्ह रोझे यांनी ओळखले. खोलीच्या तापमानाला चालणारी पेरोव्हस्काइट एलईडी केंब्रिजमध्ये रिचर्ड फ्रेंड यांच्या गटाने 2014 मध्ये दाखवली. 2018 मध्ये बाह्य क्वांटम कार्यक्षमता (सोडलेल्या दर शंभर इलेक्ट्रॉनांमागे बाहेर पडणारे प्रकाशकण) 20 टक्क्यांपुढे गेली. पुण्याच्या आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेत अंशुमान नाग यांच्या गटाने 2015 पासून सिझियम-शिसे-ब्रोमाइडच्या नॅनोस्फटिकांवर काम केले. आयोडाइडने लाल, ब्रोमाइडने हिरवा रंग मिळतो; क्लोराइड मिसळल्यावर येणारा निळा अजून मागे आहे.

वाकवताना पहिला तडा जातो तो इंडियम-टिन ऑक्साइडच्या पारदर्शक विद्युतअग्राला. म्हणून चांदीच्या नॅनोतारा किंवा वाहक पॉलिमर वापरतात. शिवाय प्लास्टिकमधून बाष्प आत शिरते, आणि बाष्प हा या पदार्थाचा मोठा शत्रू. मे महिन्यात वऱ्हाडातल्या अकोल्याचा पारा 45 अंशांपुढे जातो, जूननंतर हवा दमट होते. इथे चालायचा पडदा या दोन्हींत टिकला पाहिजे.

शिशाचा विषारीपणा : या हॅलाइडांतले शिसे विषारी असते; पर्याय म्हणून कथिलावर प्रयोग चालू आहेत.

वऱ्हाडातील पार्श्वभूमी : 1 मे 1983 रोजी स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठात (आता संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ) भौतिकशास्त्र विभागात एस. के. ओमनवार यांच्या गटाने बोरेट आणि फॉस्फेट फॉस्फरवर (ऊर्जा शोषून प्रकाश देणाऱ्या पदार्थांवर) दीर्घकाळ काम केले. त्यात त्वचारोगांवरील दिव्यांसाठी 311 ते 313 नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश देणारे गॅडोलिनियमयुक्त फॉस्फरही आहेत. अशा फॉस्फरसाठी ज्वलन-संश्लेषण फार सोयीचे. 1988 मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत किंग्स्ली आणि के. सी. पाटील यांनी ते युरिया वापरून अ‍ॅल्युमिनासाठी दाखवले होते. धातूंची नायट्रेटे आणि युरिया (कपाशीला टाकतात तोच) यांचे द्रावण सुमारे 550 अंशांच्या भट्टीत ठेवले की ते उकळते, फेसाळते, पेट घेते. काही मिनिटांत हलकी, जाळीदार पूड उरते. ती खलात घोटायची आणि अतिनील दिव्याखाली धरायची: टर्बियम असेल तर हिरवी, युरोपियम असेल तर बहुधा लाल चमकते.

पदार्थात नेमकी कोणती अशुद्धी किती घालावी, हे ज्ञान पेरोव्हस्काइटलाही लागतेच. पण पूड वेगळी, पातळ थर वेगळा: थरासाठी द्रावण फिरवून पसरवणारा स्पिन कोटर आणि नायट्रोजन भरलेली ग्लोव्ह बॉक्स हवी. फॉस्फरवर हात बसलेल्या वऱ्हाडातल्या विद्यार्थ्यांना ही साधने त्यांच्याच जिल्ह्यात मिळाली पाहिजेत.