भांडुपचे नऊ दिवस

आठवडा सात दिवसांचा असतो; परंतु २०२४ सालच्या एप्रिलमध्ये मुंबईच्या ईशान्य उपनगरांत तो नऊ दिवसांचा झाला होता. मंगळवारी, ९ एप्रिलला गुढीपाडवा. गुरुवारी, ११ तारखेला रमजान ईद आणि त्याच दिवशी महात्मा फुले यांची जयंती. रविवारी, १४ तारखेला डॉ. आंबेडकर जयंती. मंगळवारी, १६ एप्रिलला बोरीबंदर ते ठाणे धावलेल्या पहिल्या गाडीचा वाढदिवस, आणि बुधवारी, १७ तारखेला रामनवमी. त्यात लोकसभेची निवडणूक जाहीर होऊन आचारसंहिता लागलेली, आणि मुंबईचे मतदान २० मे रोजी व्हायचे होते. पंचांग, इस्लामी चांद्रवर्ष आणि इंग्रजी दिनदर्शिका या तीन वेगवेगळ्या कालगणना एकाच गल्लीत, एकाच मांडवाच्या बांबूंना टेकून उभ्या राहिल्या होत्या.

असा योग दरवर्षी येत नाही. पण ११ ते १४ एप्रिलचा गाभा मात्र दरवर्षी तोच असतो, आणि त्याच्याविषयीच आम्हांला येथे लिहायचे आहे. सांस्कृतिक इतिहास शिकवताना आपण ज्या सभा-संमेलनांची नावे विद्यार्थ्यांना पाठ करायला लावतो, त्यांत हा आठवडा कोठेच नसतो. तो का नसतो, याचे उत्तर शोधू लागलो की आपण थेट १८८५ सालच्या पुण्यात जाऊन पोहोचतो.

न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. पुढे रानडे आणि लोकहितवादी यांच्या प्रयत्नांतून १८७८ मध्ये ग्रंथकारांचे पहिले संमेलन भरले. दुसरे भरले १८८५ च्या मे महिन्यात. या दुसऱ्या सभेचे निमंत्रण जोतीराव फुल्यांना गेले होते. फुले आले नाहीत. आले ते त्यांचे नकाराचे पत्र. ज्या सभांत आणि ज्या पुस्तकांत शूद्रातिशूद्रांच्या हक्कांना जागा नाही, त्यांच्याशी आपल्या माणसांनी एकी कशासाठी करावी, असा त्या पत्राचा आशय आहे. साहित्य संमेलनांचा इतिहास सांगताना आपण या पत्राचा उल्लेख करतो, परंतु बहुधा एखाद्या तळटीपेसारखा. संमेलनाच्या जन्मकाळीच एक खुर्ची रिकामी राहिली, एवढे सांगून आपण पुढे सरकतो. ती खुर्ची नाकारणारा माणूस आणि त्याचे सहकारी त्या काळात दुसरीकडे काय उभारत होते, हे मात्र आपण विचारत नाही.

ते जे उभारत होते, त्यात एक फार साधी गोष्ट होती : रविवार.

नारायण मेघाजी लोखंडे हे ठाण्यात जन्मलेले, मुंबईच्या गिरणीत नोकरी केलेले सत्यशोधक. १८८० पासून त्यांनी 'दीनबंधू' हे पत्र मुंबईतून चालवले. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांची संघटना बांधली. त्या काळी गिरण्यांत काम सूर्योदयाला सुरू होई आणि सूर्यास्ताला संपे. आठवड्याची सुट्टी अशी काही नव्हती. सणासुदीला गिरणी बंद राहिली तर तेवढीच विश्रांती. १८९० च्या २४ एप्रिलला महालक्ष्मीच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. त्यानंतर १० जून १८९० रोजी मालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून तोच सुट्टीचा असावा, असा युक्तिवाद लोखंड्यांनी केला, असे सांगितले जाते. त्यात चातुर्य आहेच. पण मागणी खंडोबाची असो वा विश्रांतीची, कामगाराला स्वतःच्या मालकीचा वेळ मिळाला तो येथून. सभा, भजन, जलसा, वाचनालय यांतले काहीही रिकाम्या वेळेवाचून होत नाही. ज्याच्या हाती तो आधीच होता, त्याला त्याची किंमत दिसत नाही, एवढेच.

तेव्हा मराठी सांस्कृतिक आठवड्याचे दोन वंश मानले पाहिजेत, असे आमचे मत आहे. एक रानड्यांच्या व्याख्यानमालेचा : विषय ठरलेला, वक्ता ठरलेला, अध्यक्षांचा समारोप, दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात वृत्तान्त. दुसरा लोखंड्यांच्या रविवारचा. गिरगाव, दादर, ठाणे, मुलुंड येथील वाचनालयांच्या आणि सेवासंघांच्या व्याख्यानमाला पहिल्या वंशातल्या. भांडुप मात्र प्रामुख्याने दुसऱ्या वंशातले.

भांडुपचा थोडा भूगोल येथे सांगायला हवा. रेल्वेच्या इतिहासात या गावाचे नाव पहिल्याच पानावर येते. मुंबई सरकारचे मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क १८४३ मध्ये भांडुपला आले असता मुंबई, ठाणे, कल्याण आणि पुढचे घाट लोहमार्गाने जोडण्याची कल्पना त्यांना सुचली, अशी नोंद आहे. दहा वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ रोजी, चौदा डब्यांची गाडी सुमारे चारशे पाहुण्यांना घेऊन येथूनच ठाण्याकडे गेली. त्यानंतरचे भांडुप या रुळांनी आणि त्यांना समांतर जाणाऱ्या आग्रा रोडने, म्हणजे आजच्या लालबहादूर शास्त्री मार्गाने, घडवले. पूर्वेला जुने गाव, मिठागरे आणि खाडी; पश्चिमेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराकडे चढत गेलेली वस्ती. स्वातंत्र्यानंतर या मार्गाच्या कडेने कारखाने आले : सिएटचा टायरचा, एशियन पेंट्सचा रंगांचा, जी.के.डब्ल्यू.चा लोखंडी सामानाचा. त्यांच्या मागोमाग रत्नागिरी-सिंधुदुर्गातून, साताऱ्या-सांगलीकडून, मराठवाड्यातून आणि उत्तरेतूनही माणसे आली. टेंभीपाडा, हनुमान नगर, गावदेवी, सोनापूर, खिंडीपाडा, कोकण नगर ही नावे वाचली तरी आधी कोण होते आणि मागून कोण आले, याचा अंदाज येतो. डोंगरउतारावरच्या अशा वस्तीत सभागृह नसते, मैदान दुर्मीळ असते. म्हणून मांडव रस्त्यातच पडतो. आणि रस्त्यात पडला की तो येणाऱ्या-जाणाऱ्या सर्वांचा होतो. श्रोता तिकीट काढून येत नाही, भाजीची पिशवी हातात घेऊन थबकतो.

ही माणसे आपापले आठवडे बरोबर घेऊन आली. घाटावरच्यांनी अखंड हरिनाम सप्ताह आणला. गंगागिरी महाराजांच्या नावाने चालणारा सप्ताह आज पावणेदोनशे वर्षांची परंपरा सांगतो. गावोगावचे लहान सप्ताह त्याच घडणीचे. काकडा, पारायण, प्रवचन, हरिपाठ, रात्री कीर्तन, शेवटच्या दिवशी काल्याचे कीर्तन आणि महाप्रसाद. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, म्हणून पहारे वाटून घ्यायचे. कारखान्यात पाळ्या करणाऱ्यांना पहारे वाटून घेणे काही शिकवावे लागले नसावे. कोकणातल्यांनी भजनाची डबलबारी आणि दशावतार आणला. त्यांच्या बाबतीत एक मौजेची गोष्ट घडते. भाद्रपदात सारी मुंबई गणपतीत दंग असते, तेव्हा कोकणी चाळींतल्या कित्येक दारांना कुलूप असते. माणसे गावच्या गणपतीला गेलेली असतात. मुंबईत अलीकडे माघी गणेशोत्सव इतका का वाढला, याची कारणे शोधताना या कुलपांचाही विचार व्हावा.

आणि तिसरा आठवडा आंबेडकरी वस्त्यांचा. बाबासाहेबांची जयंती सार्वजनिकरीत्या साजरी करण्याचा आरंभ १९२८ साली पुण्यात जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी केला. तिच्याभोवती जलसे उभे राहिले, आणि जलशांतून कवी-गायकांची एक मोठी परंपरा. भीमराव कर्डकांचा जलसा, पुढे वामनदादा कर्डक, विठ्ठल उमप. वामनदादांना अक्षरओळख झाली तीच मुळी तरुण वयात, मुंबईत गिरणीकामगार असताना. भांडुपच्या अलीकडे घाटकोपरच्या चिरागनगरात अण्णा भाऊ साठे राहत. पलीकडे मुलुंडच्या झोपडपट्टीत शाहीर विलास घोगरे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्याच्या विटंबनेनंतर पोलिसांनी केलेल्या गोळीबारात दहा जण ठार झाले. त्यानंतर चार दिवसांनी घोगरे यांनी आपल्या झोपडीत जीवन संपवले. आनंद पटवर्धन यांच्या २०११ च्या 'जय भीम कॉम्रेड' या माहितीपटाचा आरंभबिंदू हाच मृत्यू आहे. या पट्ट्यात एप्रिलमध्ये भीमगीत गाणे हा निव्वळ करमणुकीचा विषय नाही, हे ज्याला समजून घ्यायचे असेल त्याने तो माहितीपट पाहावा.

फुले जयंतीपासून आंबेडकर जयंतीपर्यंत चार दिवस जोडून घेण्याची रीत या वस्त्यांत रुळली आहे. व्याख्यान, रक्तदान, वह्यावाटप, वक्तृत्व स्पर्धा, गायन. सलग अठरा तास अभ्यास करण्याचा उपक्रम तर विद्यापीठांपर्यंत पोहोचला आहे. जयंतीचा उत्सव वाचनाच्या बैठकीने साजरा करण्याची कल्पना अन्य कोणत्या उत्सवात आम्हांला तरी आढळलेली नाही. साहित्याच्या शिक्षकांनी तिच्याकडे थोडे अधिक कुतूहलाने पाहावे.

मांडवात कोणाला प्रवेश, हा प्रश्न मात्र या सर्व आठवड्यांच्या तळाशी सतत राहिला. १९२६ साली दादरच्या सार्वजनिक गणेशोत्सवात तो उघडपणे पुढे आला. वर्गणी सर्वांची, तर पूजेचा हक्कही सर्वांना हवा, अशी मागणी प्रबोधनकार ठाकरे आणि रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी केली, डॉ. आंबेडकरही त्या प्रसंगी उपस्थित होते. शेवटी, अस्पृश्याच्या हातची फुले पुजाऱ्याने घेऊन मूर्तीला वाहावीत, अशी तडजोड निघाली. फुले पोहोचली, हात पोहोचला नाही. त्याच वर्षी प्रबोधनकारांनी दादरला श्रीशिवभवानी नवरात्र महोत्सव सुरू केला, म्हणजे मांडवाच्या वादातून दुसरा मांडव निर्माण झाला. सार्वजनिक उत्सवांची संख्या मुंबईत का वाढत गेली, याला भक्ती आणि हौस ही कारणे आहेतच. पण ज्यांना एका मांडवात मान मिळाला नाही त्यांनी दुसरा घातला, हेही एक मोठे कारण आहे. भांडुपच्या एकाच रस्त्यावर चार मांडव दिसले की आपण 'काय हा गोंगाट' म्हणतो. त्यातला प्रत्येक मांडव कधीतरी कोणाच्या तरी नकाराला दिलेले उत्तर असू शकतो.

गोंगाट खराच आहे, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. पण कायद्याने त्याचे काय केले, हेही पाहू. २००० सालचे ध्वनिप्रदूषणविषयक नियम आणि २००५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांनी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद केला. वर्षातून फार तर पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट. आजारी माणसाच्या आणि परीक्षार्थीच्या दृष्टीने हे योग्यच झाले. परंतु दशावतार, डबलबारी, गायन पार्ट्यांचा सामना हे सारे रात्रभर चालणारे प्रकार होते. सामन्यात एकाच्या गाण्याला दुसरा जे उत्तर देई, ते तासागणिक धारदार होत जाई. पहाटेचे गाणे संध्याकाळी लिहिलेले नसे, ते रात्रीत तयार होई. आता कामावरून सुटलेला माणूस गर्दीच्या गाडीतून आठच्या सुमारास उतरतो, आणि कार्यक्रमाला उरतात दोन तास. त्यातला एक सत्कारांत जातो. शीघ्रकवित्वाला लागणारी रात्र संपली, तशी तयार ध्वनिमुद्रिका लावून नाचणारी मिरवणूक मोठी झाली. याला नुसती अभिरुचीची घसरण म्हणणे आम्हांला पटत नाही; लोखंड्यांनी मिळवलेला वेळ पुन्हा आकसला, हे त्यामागचे अधिक खरे वर्णन आहे.

परंपरांच्या वयाबद्दलही थोडे सावध असावे. पाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा पाहून ती शिवकालापासून चालत आली असावी, असे तरुण विद्यार्थ्यांना वाटते. प्रत्यक्षात ती १९९९ साली डोंबिवलीत गणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने सुरू झाली आणि तेथून लोहमार्गाच्या कडेकडेने पसरली. नवी आहे म्हणून ती खोटी ठरत नाही. पण तिच्यापेक्षा एकाहत्तर वर्षांनी जुनी असलेली आंबेडकर जयंती 'अलीकडचे प्रस्थ' मानली जाते आणि पाडव्याची यात्रा 'आपली प्राचीन परंपरा', तेव्हा या वयांमागे दुसरेच काही बोलत असते.

२०२४ च्या त्या नऊ दिवसांत आचारसंहितेमुळे पुढाऱ्यांचे शुभेच्छाफलक आवरते घ्यावे लागले. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यामुळे नगरसेवकही नव्हते. होते ते 'माजी' आणि 'भावी'. एरवी या फलकांखाली झाकली जाणारी साधी कागदी पत्रके अशा वेळी अधिक महत्त्वाची ठरतात. कार्यक्रमपत्रिका, वर्गणीची पावतीपुस्तके, मंडळांच्या स्मरणिका : या आठवड्याचा सारा लेखी पुरावा एवढाच. स्मरणिकेत जाहिरातींच्या पानांमध्ये दोन-तीन कविता असतात, एखाद्या कामगाराचा आठवणीवजा लेख असतो, दिवंगत सभासदांची यादी असते. ग्रंथसूचीत तिची नोंद नसते, ग्रंथालयात ती ठेवली जात नाही, आणि घर पुनर्विकासाला गेले की ती रद्दीत जाते. डोंगरउतारावरची घरे जसजशी इमारतींत जातील, तसतशी ही रद्दी वाढत जाईल. पदव्युत्तर वर्गातल्या चार विद्यार्थ्यांनी दोन एप्रिल महिने फिरून ती जमवली, तर मुंबईच्या मराठीचा एक अख्खा कप्पा हाती लागेल.

रामनवमी झाली की मांडवाचे बांबू उतरतात. चार दिवसांनी, २१ एप्रिलला, पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू होते. तिची विषयपत्रिका दरवर्षी वृत्तपत्रांत छापून येते.