निवडीचे श्रेय, उपचाराचे नाव

1980 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत स्तनकर्करोगावरचा एक नवा उपचार वाजतगाजत पुढे आला. रुग्ण स्त्रीची अस्थिमज्जा काढून गोठवून ठेवायची, एरवी जिवावर बेतेल एवढ्या मात्रेत केमोथेरपी द्यायची आणि मग तीच मज्जा तिच्या शरीरात परत सोडायची. तर्क सरळ होता, मारा वाढवला की शत्रू संपेल. आकडेही साथ देत होते. ड्यूक विद्यापीठाच्या विल्यम पीटर्स यांनी 1993 मध्ये 85 स्त्रियांचा अनुभव प्रसिद्ध केला. काखेतल्या दहा किंवा अधिक ग्रंथींत रोग पोचलेल्या या स्त्रियांपैकी सुमारे 72 टक्के अडीच वर्षांनंतरही रोगमुक्त होत्या. जुन्या चाचण्यांतल्या तशाच स्त्रियांत हे प्रमाण 38 ते 52 टक्के होते. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या ज्युरीने हा खर्च नाकारणाऱ्या विमा कंपनीला 8 कोटी 90 लाख डॉलर भरायला सांगितले, आणि 1995 मध्ये मिनेसोटा राज्याने विम्यात या उपचाराची सक्ती करणारा कायदाच केला. पुराव्याआधी निकाल लागला तो असा.

माझे म्हणणे असे, की त्या आकड्यांत दिसणारा फरक बव्हंशी उपचाराचा नव्हताच, तो प्रवेशाच्या चाळणीचा होता. प्रत्यारोपणासाठी स्त्री वयाने फार मोठी नको, हृदय-यकृत-मूत्रपिंड धड हवीत, आणि रोग पसरलेल्या स्त्रियांच्या बाबतीत नेहमीच्या केमोला आधी प्रतिसाद मिळालेला हवा. शिवाय निवडीपूर्वी सीटी स्कॅन, हाडांचा स्कॅन, मज्जेची तपासणी. त्यांत लपलेला रोग सापडला की ती स्त्री बाहेर. पूर्वीच्या रुग्णांच्या एवढ्या तपासण्या झालेल्याच नव्हत्या, त्यामुळे लपलेल्या रोगाच्या स्त्रिया जुन्या गटात तशाच मोजल्या गेल्या. नव्वद टक्क्यांवरचीच मुले घेणाऱ्या क्लासने आपल्या निकालाची जाहिरात करावी, तसलाच हा प्रकार. आणखी एक खोच घड्याळाची आहे. 1958 पासून वापरात असलेली कापलन आणि मायर यांची पद्धत पाहणी संपली तेव्हा हयात असलेल्यांचा किंवा मध्येच संपर्क तुटलेल्यांचा हिशेब चोख ठेवते, पण आलेखात कोण शिरले हे ती विचारत नाही. प्रत्यारोपणाच्या दिवसापासून मोजायला लागले, की त्या दिवसापर्यंत जगू न शकलेल्या स्त्रिया आलेखात येतच नाहीत.

ही केवळ शंका नव्हे. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन केंद्रातल्या डॉक्टरांनी नेहमीचीच केमो घेतलेल्या, रोग पसरलेल्या 1,581 स्त्रियांच्या नोंदी तपासून 1997 मध्ये निष्कर्ष मांडला. प्रत्यारोपणाच्या निकषांत बसल्या असत्या अशा 645 जणींची मध्यक हयात 30 महिने होती, न बसणाऱ्यांची 17. प्रत्यारोपण यांपैकी कोणाचेच झालेले नव्हते!

यावर त्या काळी दिलेले उत्तर वजनदार होते. मरणाच्या दारात उभ्या स्त्रीला चिठ्ठी टाकून गट ठरवायला सांगणे अमानुष आहे. पण हा उपचार स्वतःच काही जणींचा जीव घेत होता, सुरुवातीच्या काळात तर बऱ्याच जणींचा. अशा उपचाराची परीक्षा टाळणे हीच मला अधिक मोठी निर्दयता वाटते. बाहेर सहज मिळणाऱ्या उपचारासाठी चिठ्ठीची जोखीम कोण घेणार? म्हणून चाचण्या वर्षानुवर्षे रखडल्या. दुसरा आक्षेप असा, की जोहान्सबर्गच्या वेर्नर बेझवोडा यांनी तर चिठ्ठ्या टाकूनच फायदा दाखवला होता. खरे आहे, पण 2000 मध्ये अमेरिकी तपासनीसांनी त्यांच्या नोंदी पाहिल्या तेव्हा लबाडी उघड झाली. त्याच वर्षी रोग पसरलेल्या स्त्रियांवरच्या अमेरिकी चाचणीचा निकाल छापून आला. चिठ्ठीने गट ठरलेल्या 199 जणींपैकी प्रत्यारोपणाच्या गटात तीन वर्षांनी 32 टक्के हयात होत्या, नेहमीच्या केमोच्या गटात 38. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने नगण्य, पण फायदा तर कुठेच नाही. रोग पुन्हा उलटण्याचा काळ थोडा लांबतो, हे समर्थकांचे म्हणणे मात्र मान्य करायला हवे. 2011 मध्ये 15 चाचण्यांतल्या 6,210 स्त्रियांची माहिती एकत्र केली तेव्हा तेही दिसले, पण एकूण आयुष्य वाढल्याचा भरवशाचा पुरावा मिळाला नाही. ह्यूस्टनच्या हिशेबाला एकही नवा रुग्ण लागला नव्हता, जुने केसपेपर पुरले. तो हिशेब हजारो स्त्रियांवर हा उपचार होण्याआधी मांडायला हवा होता.