शाप नव्हे, जीन : एका माओरी भावकीची गोष्ट

आजचा भाग विज्ञानाच्या इतिहासातला आहे, पण तो प्रयोगशाळेत सुरू होत नाही. तो सुरू होतो न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर, टाउरांगाच्या परिसरातल्या एका माओरी घराण्यात.

माओरी लोक ज्याला ‘फानाउ’ म्हणतात ते आपलं चौकोनी कुटुंब नव्हे. आपल्या भावकीसारखं, चुलत-मावस सगळे धरून. मॅक्लाउड आडनावाच्या या फानाउत साधारण तीस वर्षांत पंचवीसेक माणसं जठराच्या कॅन्सरने गेली. सर्वांत लहान रुग्णाचं वय होतं १४.

जठराचा कॅन्सर म्हटलं की खाण्यापिण्याकडे नाहीतर जंतुसंसर्गाकडे बोट दाखवलं जायचं. घरातल्या काहींना वाटायचं, हा माकुतू आहे, म्हणजे शाप. आणि का वाटू नये? एकाच रक्ताची तरणीताठी माणसं एकामागून एक जाताना दिसत होती, आणि कारण कुणी सांगत नव्हतं.

१९९० च्या दशकात या लोकांनी स्वतःच पाऊल उचललं. ते थेट डनेडिनच्या ओटागो विद्यापीठात पॅरी गिलफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांपर्यंत पोचले. जाताना हातात एक मोठी गोष्ट होती : फाकापापा, म्हणजे वंशावळ. आपल्याकडे हेळवी बैल घेऊन यायचे आणि घराण्याच्या पिढ्या सांगायचे, आठवतंय? माओरी समाजात पिढ्यांची अशी माहिती घरातच जपलेली असते. आनुवंशिक आजार शोधणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं : कोण कुणाचं मूल, कोण कशाने गेलं.

२६ मार्च १९९८ ला ‘नेचर’मध्ये शोधनिबंध आला. दोष सीडीएच१ या जीनमध्ये होता. हा जीन पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं प्रथिन बनवतो. ती पकड सुटली की पेशी सुट्या-सुट्या आतल्या थरात पसरतात. गाठ होत नाही, म्हणून दुर्बिणीच्या तपासणीतही आजार निसटू शकतो. मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती लेखकांची यादी. त्यात शास्त्रज्ञांच्या जोडीने मॅक्लाउड हे आडनावही आहे. ज्यांचं रक्त तपासलं, तेही या शोधाचे लेखक.

पण खरा पेच यानंतरचा. आता रक्ताच्या तपासणीने कळणार होतं की दोष कुणात आहे. आईबापांपैकी एकात असेल तर प्रत्येक मुलात तो येण्याची शक्यता ५० टक्के. ज्याच्यात नाही, तो सुटला, आणि त्याची मुलंही. ज्याच्यात आहे, त्याच्यापुढे दोन वाटा : नियमित दुर्बीण तपासणी, किंवा अख्खं जठर काढून टाकणं. काहीही दुखत नसताना! नंतर अन्ननलिका थेट लहान आतड्याला जोडतात, दिवसभर थोडं-थोडं खावं लागतं, बी१२ आयुष्यभर बाहेरून घ्यावं लागतं.

धडधाकट तरुणाला हे कोण पटवणार? तेही अशा समाजात, ज्याच्या जमिनी वसाहतकाळात गेल्या, ज्याचं सरासरी आयुर्मान आजही इतर न्यूझीलंडवासीयांपेक्षा काही वर्षांनी कमी आहे? हॉस्पिटलचं छापील पत्र इथे पुरत नाही. म्हणून फानाउने स्वतःचं केंद्र काढलं : किमीहाउओरा. नावाचा अर्थच आरोग्याचा शोध. समजावणारी माणसं घरचीच. ज्यांनी त्याच आजाराने घरची माणसं गमावलीत, त्यांचा शब्द वेगळा पडतो.

आणि शब्द खरा ठरला. शस्त्रक्रियेत काढलेली, वरून निरोगी दिसणारी जठरं सूक्ष्मदर्शकाखाली तपासली, तर अनेकांत कॅन्सरचे बारीक ठिपके आधीच सापडले. म्हणजे वेळेवर पोचलेल्या माहितीने माणसं वाचली.

मी सॉफ्टवेअरवाला. आमच्यात म्हणतात, डेटा साठवला म्हणजे काम झालं असं नाही, तो योग्य माणसापर्यंत पोचला पाहिजे. इथे तेच दिसतं. जीन सापडणं हे अर्धं काम होतं. उरलेलं अर्धं घरातल्या बैठकीत झालं.

आपल्या घरांतही हे बोलणं अडतं. “मुलीच्या लग्नाचं बघायचंय, आत्याच्या आजाराचं कुठे बोलू नकोस,” हे वाक्य ओळखीचं असेल. शिवाय स्तनाचा कॅन्सर म्हटलं की फक्त आईकडची माणसं आठवली जातात. पण असा दोष वडिलांकडूनही तितकाच येऊ शकतो. म्हणून दोन्हीकडच्या तीन पिढ्या कागदावर मांडा : कुणाला, कोणता कॅन्सर, कितव्या वर्षी. एकाच बाजूला दोन-तीन नावं दिसली, किंवा कुणाला पन्नाशीच्या आत झाला असेल, तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. त्या कागदाला पैसे पडत नाहीत. त्या फानाउनेही सुरुवात तिथूनच केली होती.

भेटू पुढच्या भागात.